रॉबर्ट ह्यूम : एका सेवेचा ताळेबंद

परदेशातून येऊन सेवा करणाऱ्या धर्मोपदेशकाविषयी महाराष्ट्रात दोनच प्रकारे बोलले जाते. एक पक्ष त्याला संत ठरवितो, तर दुसरा त्याच्या प्रत्येक ताटभर अन्नामागे धर्मांतराचा हिशेब शोधतो. दोन्ही पक्षांची सोय एवढीच की, त्यांना प्रत्यक्ष माणसाच्या आयुष्यात डोकावण्याचे श्रम पडत नाहीत. अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, १८७४ पासून १९२६ पर्यंत काम केलेल्या डॉ. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचे चरित्र मात्र या दोन्ही साच्यांत बसत नाही. म्हणूनच ते आज पुन्हा पाहण्याजोगे आहे.

ह्यूम यांना परदेशी म्हणणे हेच मुळात अर्धसत्य ठरेल. त्यांचा जन्म १८४७ साली मुंबईत झाला. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईस उतरले आणि तेथून अमेरिकन मराठी मिशनच्या कामास आरंभ झाला. ह्यूम यांचे वडील रॉबर्ट विल्सन ह्यूम हे याच मिशनमध्ये होते. प्रकृती ढासळल्यामुळे १८५४ साली ते कुटुंबासह स्वदेशी निघाले. परंतु वाटेतच त्यांचा अंत झाला आणि आफ्रिकेच्या दक्षिणेकडील समुद्रातच त्यांना जलसमाधी मिळाली. सात वर्षांचा रॉबर्ट आणि त्याची भावंडे यांना घेऊन आई अमेरिकेस पोहोचली. ज्या देशाने वडील हिरावून नेले त्या देशाकडे मुलांनी पाठ फिरविली असती, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. प्रत्यक्षात दोघे भाऊ परतले. येल विद्यापीठाची पदवी आणि अँडोव्हर येथील धर्मशिक्षण पूर्ण करून रॉबर्ट १८७४ साली नगरला आले. धाकटे एडवर्ड त्यानंतर मुंबईत स्थिरावले. भायखळ्याचे ह्यूम हायस्कूल आजही त्या घराण्याचे नाव सांगते.

या कुटुंबांची अंतर्गत रचनाच निराळी होती. रॉबर्ट यांच्या प्रथम पत्नी ॲबी या एबेनेझर बर्जेस यांच्या कन्या. बर्जेस मिशनरी म्हणून आले खरे, पण विद्वानांच्या जगात त्यांचे नाव राहिले ते ‘सूर्यसिद्धान्ता’च्या इंग्रजी भाषांतरामुळे. हे भाषांतर १८६० साली प्रसिद्ध झाले. ॲबी यांचा संसार अल्पकाळच टिकला. लहान मुले मागे ठेवून त्या निवर्तल्या. ह्यूम यांच्या द्वितीय पत्नी केटी या नेवासे तालुक्यातील वडाळा येथे आयुष्य घालविलेल्या सॅम्युएल फेअरबँक यांच्या कन्या. फेअरबँक हे पक्षी आणि वनस्पती यांचे इतके जाणकार होते की, दक्षिणेकडील डोंगरांतील एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात त्यांचे नाव गुंफलेले आहे. मराठी बोलणारी, नगरी उन्हात वाढलेली ही अमेरिकन घराणी परस्परांत सोयरिकी करीत दख्खनमध्ये मुळे धरून राहिली.

परंतु या मुळांची किंमत कुटुंबाने मोजली. मुले शिक्षणायोग्य वयाची झाली की, त्यांना हजारो मैल दूर धाडावे लागे. काही मातांना पतीपासून, तर काहींना मुलांपासून वर्षानुवर्षे ताटातूट सोसावी लागे. कोडाईकनाल येथे मिशनरींच्या मुलांसाठी १९०१ साली शाळा निघाली, तिच्यामागे हीच व्यथा होती. सेवेच्या इतिहासात सभा, संस्था आणि देणग्या यांची नोंद होते. आईशिवाय वाढलेल्या बालपणाची नोंद कोणत्याही वार्षिक अहवालात सापडत नाही. खर्चाची ही बाजू वगळून जो ताळेबंद मांडला जाईल तो अपुरा समजावा.

ह्यूम ज्या नगरात आले ते मिशनच्या दृष्टीने कोरे नव्हते. तेथील ठाणे १८३१ सालचे. सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले यांना पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, ही गोष्ट प्रत्येक मराठी शिक्षकास ठाऊक आहे. ह्यूम यांनी १८७८ मध्ये नगरला धर्मशिक्षणाचे विद्यालय काढले. त्यामागील विचार साधा परंतु दूरगामी होता : येथील ख्रिस्ती समाजाचे नेतृत्व येथल्याच माणसांनी करावयाचे असेल, तर त्यांना स्वतःच्या भाषेत उत्तम शिक्षण मिळाले पाहिजे. परदेशी पगारावर कायमचे अवलंबून असणारे मंडळ हे मंडळ नव्हे, अशी त्यांची धारणा होती.

यानंतर त्यांच्या आयुष्यातील कसोटीचा प्रसंग आला आणि तो नगरात नव्हे, तर अमेरिकेत आला. १८८५ नंतर ते रजेवर स्वदेशी असताना तेथील ख्रिस्ती धर्मपंडितांत एक वाद पेटलेला होता. ज्यांच्या कानांवर ख्रिस्ताचे नावच कधी पडले नाही, अशा मृतांची गती काय? ते सर्व कायमचे नरकात जातात, असे जुने मत. मृत्यूनंतरही त्यांना संधी मिळत असावी, असे अँडोव्हरच्या नव्या पंडितांचे मत. ह्यूम यांनी या नव्या मताविषयी जाहीर सहानुभूती दाखविली. त्यांच्यापुढे हा प्रश्न ग्रंथातला नव्हता. दीक्षा घेतलेला नगर जिल्ह्यातील शेतकरी जेव्हा आपल्या दिवंगत आईबापांचे काय झाले असे विचारतो, तेव्हा त्याच्या तोंडावर शाप फेकणे त्यांना शक्य नव्हते.

परिणाम असा झाला की, मिशनच्या अमेरिकेतील चालकांनी त्यांना हिंदुस्थानात परत पाठविण्याबाबत चालढकल आरंभिली. जन्मभूमी, कर्मभूमी आणि उपजीविका ही तिन्ही एका मतासाठी पणाला लागली. त्यांनी थोडा शब्द फिरविला असता, तर प्रकरण मिटले असते. बराच खल झाल्यावर १८८७ मध्ये परतण्यास अनुमती मिळाली आणि ते नगरला आले. धर्मप्रसारकाला केवळ आपल्या संस्थेचा हस्तक मानणाऱ्यांनी हा प्रसंग अवश्य ध्यानात घ्यावा. परधर्मीयांच्या पूर्वजांविषयीच्या आदरासाठी स्वतःच्या संस्थेचा रोष पत्करणारा मनुष्य सामान्य प्रचारक असू शकत नाही.

छप्पन्नचा दुष्काळ म्हणून ओळखला जाणारा १८९९-१९०० चा दुष्काळ हा ह्यूम यांच्या कार्याचा मध्यबिंदू होय. दुष्काळ म्हणजे केवळ धान्याचा अभाव नव्हे. धान्य बाजारात असते, रेल्वेने येतही असते. परंतु काम बुडालेल्या मजुराच्या आणि मागणी आटलेल्या विणकराच्या हातांत ते घेण्यासाठी पैसा नसतो. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये हा विचार शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. नगरच्या रस्त्यावर तो तेव्हा उघड्या डोळ्यांनी दिसत होता. सरकारी दुष्काळसंहितेनुसार धडधाकट माणसाला खडी फोडण्याचे काम आणि पोटापुरती मजुरी मिळे. खासगी दानाचे क्षेत्र निराळे होते : अनाथ मुले, अब्रूखातर घराबाहेर न पडणारी कुटुंबे आणि पाऊस पडल्यावर शेतकऱ्याला पुन्हा उभे करणारे बियाणे व बैल.

अमेरिकेतून त्या वर्षी मोठी मदत आली. न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेराल्ड’ या पत्राने वर्गणी गोळा केली आणि ‘क्विटो’ या जहाजातून सुमारे दोन लाख बुशेल मका मुंबईस रवाना झाला. या मदतीच्या वाटपाची प्रमुख जबाबदारी ह्यूम यांच्याकडे आली. दान गोळा करणे सोपे. ते योग्य हातांत, योग्य वेळी आणि चोख हिशेबाने पोहोचविणे हे अत्यंत अवघड शासनकार्य असते. या कार्याबद्दल १९०१ साली त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक देण्यात आले.

येथेच टीकेचा खरा प्रश्न उपस्थित होतो आणि तो टाळता कामा नये. दुष्काळात मिशनच्या आश्रयास आलेली अनाथ मुले ख्रिस्ती वातावरणात वाढली. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतरही नगर जिल्ह्यात, विशेषतः अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींत, दीक्षा घेणाऱ्यांची संख्या वाढली होती. भुकेल्या माणसाची निवड ही स्वतंत्र निवड म्हणता येईल काय? हा आक्षेप त्या काळीही घेतला गेला आणि तो गैरलागू नाही. तथापि त्याच वेळी दुसरा प्रश्नही विचारला पाहिजे. ज्या गावाने त्या माणसाला पाणवठ्यावर पाऊल ठेवू दिले नाही, त्या गावात त्याला कोणते निवडीचे स्वातंत्र्य होते? ह्यूम यांच्या कार्यातील दोष दाखविण्याचा अधिकार त्यालाच, जो त्या गावाचा दोषही त्याच आवाजात सांगेल.

ह्यूम यांच्या बाजूने एवढे निश्चित म्हणता येते की, त्यांच्या मिशनची दृष्टी केवळ अन्नछत्रापाशी थांबली नाही. सर दिनशा माणेकजी पेटिट या पारशी उद्योगपतींच्या नावाची औद्योगिक शाळा नगरच्या मिशनने चालविली. शतकाच्या आरंभी डी. सी. चर्चिल हे अमेरिकन अभियंते नगरला आले आणि गरीब विणकराला परवडेल असा अधिक वेगवान हातमाग तयार करण्यासाठी झटले. गिरणीच्या कापडापुढे हरत चाललेल्या विणकराला भीक नव्हे, तर उत्पादकता हवी आहे, हे अर्थशास्त्र त्यात होते. ह्यूम यांच्या कन्या डॉ. रूथ ह्यूम या वैद्यकीय शिक्षण घेऊन नगरला परतल्या आणि त्यांनी स्त्रिया व मुले यांच्या उपचारार्थ रुग्णालय उभे केले. पुढे ते साल्व्हेशन आर्मीकडे गेले आणि इव्हँजेलीन बूथ रुग्णालय या नावाने प्रसिद्ध पावले.

रेव्हरंड नारायण वामन टिळक नगरला आले ते याच वर्तुळात. ख्रिस्ती भक्तीला अभंगाचे रूप देणाऱ्या या कवीला मिशनमध्ये स्थान मिळाले आणि मान मिळाला. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’तून त्या काळच्या नगरच्या मिशनचे घरगुती जीवन मराठी वाचकांच्या परिचयाचे झाले आहे. तरीही १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन करून स्वतंत्र मार्ग धरला. ह्यूम यांच्या पिढीला जे विचारात मान्य होते, ते व्यवहारात पुरेसे उतरले नव्हते, हाच याचा अर्थ. येथील ख्रिस्ती धर्म येथल्या वळणाने वाढेल, पाश्चात्त्य रोपाची ती नुसती लागवड असणार नाही, असे ह्यूम आपल्या ग्रंथांतून मांडीत; परंतु पैशाच्या दोऱ्या अमेरिकेत असेतो सत्तेच्या दोऱ्याही तेथेच राहिल्या. परकीय मदतीचा हा नियम केवळ मिशनला लागू नाही. राष्ट्रांनाही तो लागू पडतो.

घराण्याची पुढली पिढी याच प्रश्नाशी झगडताना दिसते. रॉबर्ट यांचे पुत्र रॉबर्ट अर्नेस्ट ह्यूम यांनी तेरा प्रमुख उपनिषदांचे इंग्रजी भाषांतर केले आणि ते १९२१ मध्ये प्रसिद्ध झाले. एडवर्ड यांचे पुत्र डॉ. एडवर्ड हिक्स ह्यूम चीनमधील चांगशा येथे गेले आणि त्यांनी रुग्णालय व वैद्यकीय महाविद्यालय उभारण्यात पुढाकार घेतला. एका शाखेने येथील ज्ञान बाहेर नेले, दुसरीने बाहेरचे ज्ञान तिसऱ्या देशात नेले. सेवेचा व्यवहार एकतर्फी नसतो, हे यावरून स्पष्ट होते.

१९२६ मध्ये ह्यूम यांनी नगर सोडले आणि १९२९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये त्यांचे निधन झाले. पंथापंथांत विभागलेल्या मंडळ्यांच्या एकीकरणासाठी ते झटले होते. १९७० मध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियापर्यंत ती वाट पोहोचली. १९४७ साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर महाविद्यालय स्थापन केले. हिवाळे हे नगरच्या ख्रिस्ती समाजातून आलेले मराठी गृहस्थ आणि महाविद्यालय सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांचे. सेवेचा वारसा पाहुण्यांकडून घरच्या माणसांकडे गेल्याची याहून ठळक खूण दुसरी नसेल.

या चरित्राचा कुळगाव-बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या वाचकांशी काय संबंध, असे कोणी विचारील. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांना शिधा मिळाला, निवारा मिळाला. परंतु त्यांना तारले ते त्यांच्या दुकानांनी आणि लहान कारखान्यांनी. जुलै २०१९ मध्ये बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, तेव्हा शासकीय पथकांच्या बरोबरीने परिसरातील ग्रामस्थही सुमारे १००० प्रवाशांच्या मदतीस धावले. माणुसकीचा झरा आटलेला नाही. पण पुराच्या दिवशी धावणारा समाज पूर ओसरल्यानंतर नदीपात्रातील भराव, गटारे आणि पाणथळ जागेतील बांधकामे यांबद्दल वर्षभर जागा राहतो काय? १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला रोजगार हमी योजनेची वाट दाखविली, कारण तेव्हा दयेचे रूपांतर हक्कात करण्याचे धैर्य दाखविले गेले. संकटातील दया आणि संकटानंतरची चिकाटी यांतले हे अंतर आहे. ह्यूम यांची बावन्न वर्षे दुसऱ्या बाजूस जमा आहेत.

त्यांच्या धर्ममताशी सहमत होण्याचे कोणालाही कारण नाही. त्यांच्या कार्यावरील आक्षेपही पुसून टाकण्याचे कारण नाही. मात्र दानाची परीक्षा देणाऱ्याच्या हेतूवर जितकी होते, तितकीच ती दाता निघून गेल्यावर घेणाऱ्याच्या हाती काय उरले यावरही झाली पाहिजे. नगरला रुग्णालय उरले, शिकलेली पिढी उरली आणि मदत करणाऱ्यांनाच उलट प्रश्न विचारण्याइतका स्वाभिमानी समाज उरला. जी सेवा आपल्या उपकृतांना ताठ मानेने उभे राहू देते, तिचा ताळेबंद शेवटी जमेच्या बाजूसच झुकतो.