वालातले प्रथिन शोधणाऱ्या कमलाबाई

आपल्या सोलापुरी ताटात ज्वारीच्या भाकरीला तुरीच्या वरणाची किंवा मटकीच्या उसळीची जोड असते. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि डाळी ती उणीव भरून काढतात. या डाळी-कडधान्यांतील प्रथिनांवर आपल्याकडे सुरुवातीच्या काळात ज्यांनी काम केले, त्यांत डॉ. कमला सोहोनी होत्या. दुर्गाबाई भागवतांच्या या धाकट्या बहिणीचे नाव मराठी घरांत फारसे घेतले जात नाही, हे खटकते.

जन्म १९११चा, इंदूरचा. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. कमलाबाई १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिल्या आल्या आणि त्यांनीही तिथेच संशोधनासाठी अर्ज केला. संचालक होते नोबेल विजेते सी. व्ही. रामन. अर्जदार मुलगी आहे, एवढ्याच कारणावरून त्यांनी नकार दिला. कमलाबाईंनी थेट सत्याग्रहाचा मार्ग धरला. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करायचे आणि पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होऊ द्यायचे नाही! श्रीनिवासय्यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. ते पाहून रामन यांचे मत बदलले आणि मुलींसाठी दार उघडले.

पुढे केंब्रिज. तिथे बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही ‘सायटोक्रोम सी’ असते, हे त्यांनी दाखवले. पेशीला ऊर्जा मिळण्याच्या साखळीतला हा एक दुवा. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता. १९३९ मध्ये पीएच.डी. घेऊन त्या परतल्या.

दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभाग, मग कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत जीवनसत्त्वांवर काम आणि १९४७ मध्ये लग्नानंतर मुंबईची विज्ञान संस्था. इथले त्यांचे काम थेट स्वयंपाकघराशी जोडलेले आहे. प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिन या पाचकरसाला अडवणारे घटक त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी वाल व डबल बीन्समधून स्फटिकरूपात वेगळे काढले. कच्चे वाल का पचत नाहीत, याचे एक कारण हेच. नीट शिजवले की या घटकांचा जोर बराच ओसरतो. वाल भिजवून, मोड आणून, सोलून मऊ शिजवणाऱ्या आपल्या आज्यांना ट्रिप्सिन ठाऊक नव्हते, पद्धत मात्र ठाऊक होती.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास केला. नीरेत अ आणि क जीवनसत्त्वे व लोह असल्याचे दिसले. कुपोषित आदिवासी किशोरवयीन मुली आणि गरोदर स्त्रियांना ती दिल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा झाली. या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध प्रकल्पालाही दूध नासू नये म्हणून त्यांनी सल्ला दिला. संस्थेचे संचालकपद मात्र त्यांना हक्काच्या वेळी मिळाले नाही, काही वर्षे ताटकळावे लागले.

निवृत्तीआधीच, १९६६ मध्ये, त्या मुंबईतील ग्राहक मार्गदर्शन संस्थेच्या संस्थापकांत होत्या. पुढे तिच्या अध्यक्षही झाल्या आणि तिच्या ‘कीमत’ मासिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षेवर लिहिले. १९९८ मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार ठेवला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले.