कर्मवीर भाऊराव पाटील आणि टंचाईतले कॉलेज

पैशाची टंचाई आली की उच्च शिक्षणाचा भार कोणी उचलायचा, हा प्रश्न प्रत्येक पिढीपुढे उभा राहतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे जीवन हे त्याचे एक उत्तर आहे.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर भागातील कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला. ते स्वतः मॅट्रिकही झाले नव्हते. किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून खेडोपाडी फिरताना बहुजनांच्या मुलांची स्थिती त्यांनी पाहिली. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत व जेवत. मुलांच्या जेवणासाठी पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, अखेर मंगळसूत्रही गेले.

१९४७ साली महायुद्धानंतरची महागाई होती, धान्याची चणचण होती. अशा वेळी भाऊरावांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले. गरीब विद्यार्थ्याने फीऐवजी श्रम द्यावेत, शेतात व बांधकामावर राबावे आणि पदवी घ्यावी, अशी ही 'कमवा व शिका' योजना होती.

लगेच १९४८ मध्ये मोठे संकट आले. गांधीजींच्या हत्येनंतर भाऊरावांनी सरकारवर केलेल्या जाहीर टीकेमुळे मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. शेकडो शाळांचा व शिक्षकांच्या पगाराचा प्रश्न उभा राहिला. भाऊराव डगमगले नाहीत. ते लोकांकडे गेले आणि लोकांनी संस्था जगवली. पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. १९५४ मध्ये कराडला दुसरे कॉलेज निघाले. ९ मे १९५९ रोजी कर्मवीरांचे निधन झाले.

पुढे १९८३ साली राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. सरकारी तिजोरीवर बोजा न पडता जागा वाढल्या, पण तो बोजा पालकांच्या खिशावर आला. कर्मवीरांनी तो गरिबाच्या खिशावर न टाकता समाज आणि विद्यार्थ्याचे श्रम यांत वाटून दिला होता.

आपल्या सोलापुरात विडी वळणाऱ्या आईचे आणि यंत्रमागावर राबणाऱ्या वडिलांचे मूल बारावीनंतर फीसाठी थांबते. पालकहो, त्याचे शिक्षण थांबवण्यापूर्वी संस्थेकडे या. विद्यार्थी मित्रांनो, 'कमवा व शिका' योजना आजही विद्यापीठांतून चालते. तिच्यात नाव घालण्यात कमीपणा मानू नका.