पावलांनी मोजलेला देश

दोन गावांमधील अंतर रस्त्याकडेच्या दगडांवरून सहज कळते. परंतु जेथे धड रस्ता नाही, आणि मोजणीची साखळी बाहेर काढली तर प्राणांशीच गाठ, तेथे अंतर कसे मोजावे? हे बिकट काम निव्वळ आपल्या पावलांच्या बळावर तडीस नेणारे पंडित नैनसिंग रावत हे एक शाळामास्तर होते.

नैनसिंगांचा जन्म १८३० मध्ये हिमालयातील कुमाऊं प्रदेशात, मिलम या गावी झाला. तेथील लोक व्यापारासाठी तिबेटात जात-येत असत; त्यामुळे त्यांना तिबेटी भाषा चांगली अवगत होती. पुढे ते गावच्या शाळेत शिकवू लागले आणि लोक त्यांना पंडित म्हणू लागले.

त्या काळी हिंदुस्थानचे नकाशे तयार होत होते. परंतु हिमालयापलीकडचा तिबेट नकाशावर जवळजवळ कोराच होता. परकीयांना तेथे प्रवेशबंदी होती. म्हणून सर्वेक्षण खात्यातील कॅप्टन मॉंटगोमेरी यांनी नैनसिंग व त्यांचे चुलतभाऊ मणिसिंग यांना देहरादून येथे मोजणीचे शिक्षण देवविले. चढ असो वा उतार, पाऊल सारख्याच लांबीचे पडावे, असा सराव नैनसिंगांनी केला. त्यांची २००० पावले म्हणजे एक मैल होत असे. म्हणजे एक पाऊल सुमारे ८० सेंटिमीटरचे.

पावले मोजण्याची युक्तीही नामी होती. जपमाळेत १०८ मणी असतात. नैनसिंगांच्या माळेत १०० च होते. शंभर पावले झाली की ते एक मणी ओढीत. माळ पुरी झाली की १०,००० पावले, म्हणजेच पाच मैल झाले! पाहणाऱ्यास वाटे, हा कोणी भाविक यात्रेकरू जप करीत आहे. टिपणे ते प्रार्थनाचक्रात दडवीत.

१८६५ मध्ये नेपाळमार्गे ते तिबेटात शिरले आणि व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर जानेवारी १८६६ मध्ये ल्हासा नगरीत पोहोचले. तेथे परवान्यावाचून आलेल्या एका इसमाचा भर रस्त्यात शिरच्छेद झालेला त्यांनी पाहिला. आपले बिंग फुटले तर काय होईल, हे त्यांना उमगले. तरीही ल्हासाचे नकाशावरील स्थान व उंची निश्चित करूनच ते परतले. या प्रवासात त्यांनी सुमारे १२०० मैल, म्हणजे जवळजवळ चोवीस लाख पावले मोजली!

मुलांनो, कोल्हापूरहून पन्हाळगड सुमारे २० किलोमीटर आहे. नैनसिंगांना तेथवर २५,००० पावले लागली असती. तुम्हांला किती लागतील? मैदानावर ३० मीटरांची रेघ आखा आणि नेहमीच्या चालीने चाला. ५० पावले पडली, तर तुमचे पाऊल ६० सेंटिमीटरचे. मग पन्हाळ्यापर्यंत तुम्हांला ३३,००० हून अधिक पावले लागतील. मात्र एवढी पावले न चुकता मोजणे किती कठीण आहे, हे शंभर-दोनशे पावलांतच ध्यानी येईल.

१८७४ मध्ये नैनसिंग पुन्हा लेहहून ल्हासामार्गे निघाले आणि १८७५ मध्ये आसामात उतरले. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक अर्पण केले. प्रवासांनी प्रकृती खालावल्यावर त्यांनी नव्या सर्वेक्षकांना शिकविण्याचे काम पत्करले. २००४ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आपले पाऊल कोणी तपासणार नाही, हे ठाऊक असूनही नैनसिंगांनी ते कधी चुकू दिले नाही. त्यांच्या नकाशाची किंमत त्या सचोटीत आहे.