मोडीतल्या बंदुकांना मोल देणारा व्यापारी

युद्ध संपले की सैनिक घरी परततात. त्यांच्या हातांतील लाखो बंदुकांचे काय करायचे, हा प्रश्न मात्र सरकारी कोठारांपुढे उरतो. १८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्ध थांबले, तेव्हा त्याचे उत्तर ठरलेले होते. बंदुकांचा लिलाव व्हायचा, भंगारवाले त्या मोडीच्या भावाने उचलायचे आणि लोखंड-पितळ भट्टीत जायचे. या बंदुकांना वजनापलीकडेही किंमत आहे, हे हेरले फ्रान्सिस बॅनरमन यांनी. जुन्या लष्करी शस्त्रांच्या संग्राहकांमध्ये त्यांचे नाव आजही घेतले जाते ते याचमुळे.

बॅनरमन यांचा जन्म २४ मार्च १८५१ रोजी स्कॉटलंडमधील डंडी येथे झाला. ते लहान असतानाच कुटुंब अमेरिकेत आले आणि ब्रुकलिनमध्ये स्थिरावले. वडील नौदलाच्या लिलावातील माल घेऊन विकत. यादवी युद्धात वडील सैन्यात दाखल झाले आणि घराचा भार पोराच्या खांद्यावर आला. दहाव्या वर्षी शाळा सुटली. बंदरात गळ टाकून दोरखंड आणि साखळ्यांचे तुकडे काढायचे व ते विकायचे, हा त्यांचा पहिला व्यापार होय.

युद्धानंतर लिलावांचा पूर आला. तोंडाकडून ठासायच्या बंदुका कालबाह्य झाल्या होत्या; लष्कराला त्यांचा उपयोग उरला नव्हता. बॅनरमन यांनी त्या वितळवल्या नाहीत. साफसूफ करून, वर्गवारी लावून त्या विकायला ठेवल्या. टपालाने मागणी नोंदवता यावी म्हणून सचित्र सूचिपत्र काढले. कालांतराने ते तीनशेहून अधिक पानांचे झाले. कोणती बंदूक कोणत्या युद्धातील, याची माहिती त्यात असे. ग्राहक वस्तूबरोबर तिचा इतिहासही विकत घेऊ लागला.

१८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धाने हा व्यवसाय शिखरावर नेला. स्पेनकडून जिंकलेल्या व नंतर लिलावात काढलेल्या शस्त्रसामग्रीपैकी सुमारे ९० टक्के माल बॅनरमन यांनी घेतला. त्यात स्पॅनिश सैनिकांच्या माउझर रायफली होत्या, तशीच कोट्यवधी काडतुसेही होती. भरवस्तीत एवढा दारूगोळा ठेवणे अशक्य होते. म्हणून १९०० मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवर, हडसन नदीतील पोलेपेल बेट विकत घेतले. तेथे स्कॉटिश किल्ल्याच्या धर्तीवर कोठार उभे राहिले. न्यूयॉर्कमधील ब्रॉडवेवरच्या त्यांच्या दुकानात संग्रहालयही होते.

या यशाला दुसरी बाजूही आहे. संग्राहकाच्या लेखी रायफलीची किंमत तिच्या अस्सलपणावर ठरते. नळी, खटका, दस्ता मूळचे आहेत का, सुट्या भागांवरील क्रमांक जुळतात का आणि ती कोणत्या तुकडीकडे होती याचा कागदोपत्री पुरावा आहे का, हे पाहिले जाते. व्यापाऱ्याला मात्र चालणारी बंदूक हवी असते. उरल्यासुरल्या भागांतून बंदुका जुळवून विकण्याचा उद्योग या पेढीने केला. त्यांच्या पश्चात पेढीने रशियन मोसिन-नागांत रायफली अमेरिकन काडतुसांसाठी बदलून विकल्या. त्यांतून गोळी झाडणे धोक्याचे मानले जाते. ज्या पेढीने असंख्य बंदुका भट्टीपासून वाचवल्या, तिच्याच हातून काहींचे मोल घटले.

बॅनरमन श्रद्धाळू प्रेस्बिटेरियन होते. शस्त्रे एक दिवस केवळ संग्रहालयात उरावीत, अशी त्यांची इच्छा होती. पहिल्या महायुद्धाने ती फोल ठरवली. युद्धविरामानंतर दोनच आठवड्यांनी, २६ नोव्हेंबर १९१८ रोजी त्यांचे निधन झाले.

१९२० मध्ये बेटावर दारूगोळ्याचा मोठा स्फोट झाला. १९६७ मध्ये बेट न्यूयॉर्क राज्याकडे गेले. १९६९ च्या आगीने किल्ल्याचे भग्नावशेष तेवढे राहिले. पेढीची सूचिपत्रे मात्र पुन्हा छापली गेली. एके काळी काही डॉलरला मिळणाऱ्या रायफलीची ओळख पटवण्यासाठी संग्राहक आजही तीच पाने उघडतात.