दौलतीचा राखणदार : नाना फडणीस

हैदराबादेत कोठी हे नाव ठाऊक नाही असा विद्यार्थी विरळा. जुनी-नवी पुस्तके घ्यावयाची असोत की सुलतान बाजारात जावयाचे असो, वाट कोठीवरूनच जाते. परंतु या भागास ज्या वास्तूवरून हे नाव पडले, तिच्याकडे आपण क्वचितच लक्ष देतो. उंच खांबांची ती भव्य इमारत म्हणजे इंग्रज रेसिडेंटाची कोठी. जेम्स कर्कपॅट्रिक या रेसिडेंटाच्या कारकिर्दीत, १८०३ च्या सुमारास, तिचे बांधकाम सुरू झाले. १९४९ पासून तेथे मुलींचे महाविद्यालय भरू लागले आणि आज त्याच आवारात महिला विद्यापीठ आहे. निजामाच्या राजधानीत एका परकीय कंपनीच्या वकिलास राजवाड्यासारखी वास्तू उभारण्याइतके बळ कसे प्राप्त झाले, हा प्रश्न विचारी मनास पडल्यावाचून राहत नाही. त्याच्या उत्तराचा एक धागा पुण्याच्या शनिवारवाड्यापर्यंत जाऊन पोहोचतो. तेथे गादीच्या वारसाविषयी जे तंटे माजले, त्यांत एका पुरुषाचे सारे आयुष्य खर्ची पडले. तो पुरुष म्हणजे नाना फडणीस. त्यांचेच चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

नानांचे मूळ नाव बाळाजी जनार्दन भानू. भानू घराणे कोकणातील वेळासचे. नानांचे आजोबा बाळाजी विश्वनाथ पेशव्यांबरोबर दिल्लीस गेले असता १७१९ साली तेथील दंग्यात कामी आले. त्या सेवेची आठवण ठेवून फडणिशीचे काम याच घराण्याकडे राहिले. फडणीस म्हणजे सरकारी जमाखर्चावर देखरेख करणारा अधिकारी. त्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही पैची नोंद पुरी होत नसे. नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी सातारा येथे झाला. १७५६ साली पितृछत्र हरपले आणि अवघ्या चौदाव्या वर्षी ही जोखमीची जबाबदारी त्यांच्या कोवळ्या खांद्यांवर येऊन पडली.

प्रकृतीने ते कृश होते. तलवार गाजविणे त्यांच्या वाट्यास आले नाही. म्हणूनच पेशवाईतील साडेतीन शहाण्यांत लोकांनी त्यांस अर्धे शहाणे म्हटले. परंतु युद्ध म्हणजे काय, हे त्यांनी एकोणिसाव्या वर्षीच डोळ्यांनी पाहिले होते. मातोश्री व पत्नी यांसह तीर्थयात्रेच्या हेतूने ते सदाशिवरावभाऊंच्या सैन्याबरोबर उत्तरेस गेले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सर्वनाश झाला. त्या पळापळीत त्यांची आई अंतरली, ती कायमचीच. नाना स्वतः कसेबसे जीव वाचवून परतले. ही हकिकत त्यांनी आपल्या लहानशा आत्मचरित्रात नमूद करून ठेविली आहे. राज्य उभारण्यास पिढ्या लागतात, पण ते कोसळण्यास एक दिवस पुरतो, हा धडा त्यांच्या मनावर तेव्हाच कोरला गेला असावा, असे आम्हांस वाटते.

पानिपतानंतर थोरल्या माधवरावांनी दौलत पुन्हा सावरली. त्यांच्या हाताखाली नाना कारभारात तयार झाले. परंतु १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे माधवरावांचा क्षयाने अंत झाला. त्यांचे धाकटे बंधू नारायणराव पेशवे झाले. पुरे एक वर्षही लोटले नाही, तोच ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी शनिवारवाड्यात त्यांचा खून केला आणि चुलते रघुनाथराव ऊर्फ राघोबादादा यांनी पेशवाईची वस्त्रे मिळविली. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून खुनाचा दोष खुद्द रघुनाथरावांवरच ठेवला आणि अधिकाराचा त्याग करून ते पुणे सोडून गेले.

आता राज्यापुढे मोठाच पेच उभा राहिला. एका बाजूस पेशव्यांच्या घराण्यातील वयाने ज्येष्ठ व युद्धात नाणावलेला पुरुष. परंतु त्याच्या हातास पुतण्याचे रक्त लागलेले. दुसऱ्या बाजूस नारायणरावांची गर्भवती पत्नी गंगाबाई. होणारे अपत्य मुलगा असेल की मुलगी, हेही कोणास ठाऊक नव्हते. अशा वेळी नाना, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके, त्रिंबकरावमामा पेठे इत्यादी मुत्सद्द्यांनी एकजूट केली. इतिहासात हेच बारभाईंचे कारस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. त्यांनी गंगाबाईंस पुरंदर किल्ल्यावर सुरक्षित ठेवून त्यांच्या नावे कारभार चालविला. १८ एप्रिल १७७४ रोजी पुत्र झाला. साताऱ्याच्या छत्रपतींकडून वस्त्रे आणवून चाळीस दिवसांच्या त्या बालकास पेशवा करण्यात आले. तेच सवाई माधवराव होत. या निर्णयाचे मर्म विद्यार्थ्यांनी ध्यानी घ्यावे. गादी बळकट मनगटाची नव्हे, न्याय्य वारसाची, हे तत्त्व बारभाईंनी मानले, आणि ते एकट्याने नव्हे तर अनेकांच्या संमतीने अमलात आणले.

रघुनाथरावांस हा निर्णय मान्य होणे शक्यच नव्हते. घरचा वाद त्यांनी परक्याच्या दारी नेला. मार्च १७७५ मध्ये सुरत येथे त्यांनी मुंबईकर इंग्रजांशी तह केला आणि लष्करी मदतीच्या मोबदल्यात साष्टी व वसई देण्याचे कबूल केले. ज्या वसईसाठी १७३९ साली चिमाजीअप्पांच्या सैन्याने रक्त सांडले होते, ती एका वारसाच्या तंट्यापायी कागदावर लिहून देण्यात आली. येथून पहिले इंग्रज-मराठा युद्ध पेटले. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे महादजी शिंदे व इतर मराठे सरदारांनी इंग्रजांच्या फौजेस कोंडून शरण आणले. पुढील वर्षी नानांनी हैदरअली, निजाम व नागपूरकर भोसले यांस एका सूत्रात गोवून इंग्रजांविरुद्ध चौकडी उभारली. अखेर १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. साष्टी गेली, परंतु वसई वाचली आणि रघुनाथरावांस इंग्रजांनी दूर केले. एका तान्ह्या बालकाचा हक्क आणि राज्याची सुरक्षितता ही दोन्ही नानांनी एकाच झगड्यात राखली.

त्यानंतरची बारा-तेरा वर्षे नानांच्या कर्तृत्वाचा मध्यान्ह होय. हिशेबाची शिस्त, दूरदूरच्या दरबारांतून नियमाने येणारी बातमीपत्रे आणि प्रत्येक कागदावर स्वतःची नजर ही त्यांच्या कारभाराची लक्षणे होती. येथील निजामाच्या दरबारात गोविंदराव काळे हे पुण्याचे वकील होते. त्यांच्याकडून हैदराबादेच्या हालचाली नानांस कळत. वाईजवळील मेणवलीस नानांनी बांधलेला वाडा व कृष्णाकाठचा घाट आजही पाहावयास मिळतो. तथापि चरित्रकाराने केवळ गुणच सांगू नयेत. नानांचा स्वभाव संशयी होता. ज्या सखारामबापूंबरोबर त्यांनी बारभाईंचा डाव मांडला, त्यांचाच शेवट कैदेत झाला. बाल पेशव्यास त्यांनी जिवापाड जपले. परंतु जपता जपता इतके बांधून ठेविले की स्वतंत्रपणे कारभार पाहण्याची सवय त्यास लागलीच नाही. रघुनाथरावांच्या मुलांसही त्यांनी नजरकैदेत ठेविले. बापाच्या अपराधाची शिक्षा त्या मुलांनी भोगली, आणि त्या कैदेत वाढलेल्या मनात कृतज्ञता कोठून असणार?

१७९५ साल उजाडले, ते वैभवाचे शिखर घेऊन. चौथाईच्या थकबाकीवरून निजामअलीखानाशी युद्ध जुंपले आणि ११ मार्च रोजी खर्डा येथे मराठ्यांचा विजय झाला. शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन असे सारे सरदार एका निशाणाखाली लढले. निजामाने दौलताबादच्या किल्ल्यासह मोठा मुलूख व तीन कोटी रुपये देण्याचे मान्य केले, आणि त्याचा दिवाण मुशीरउल्मुल्क यास ओलीस म्हणून पुण्यास जावे लागले.

परंतु सात महिन्यांतच शिखरावरून कडेलोट झाला. २५ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या माडीवरून खाली पडले आणि दोन दिवसांनी वारले. वय अवघे एकवीस, मूलबाळ नाही. गादी पुन्हा रिकामी झाली.

पेशवा कोण, या प्रश्नावर आता जो वाद माजला, त्यात दोन्ही पक्षांजवळ सांगण्यासारखे बरेच होते. नानांचे मत असे की, पेशव्यांची विधवा यशोदाबाई यांनी दत्तक घ्यावा. ज्या रघुनाथरावांनी इंग्रज घरात आणला, त्यांच्या मुलाच्या हाती राज्य सोपविणे त्यांस धोक्याचे वाटे. उलट बाजूचे म्हणणे असे की, रघुनाथरावांचे पुत्र बाजीराव हे प्रत्यक्ष पेशव्यांच्या रक्ताचे, वीस वर्षांचे. ते हयात असता लांबचे मूल गादीवर बसविणे म्हणजे आणखी वीस वर्षे सारी सत्ता नानांच्याच हाती ठेवणे होय. राज्याच्या सुरक्षिततेची काळजी खरी कोणती, आणि स्वतःच्या अधिकाराची आसक्ती कोणती, हे सांगणे तेव्हाही कठीण होते आणि आजही कठीण आहे.

येथे १७७३ ची बारभाई राहिली नव्हती. सर्वांनी एकत्र बसून जो निर्णय घ्यावयाचा, तो जो तो एकेकट्याने सौदा करून साधू लागला. शिंद्यांचे कारभारी बाळोबातात्या बाजीरावांच्या बाजूस झुकले, हे पाहून नानांनी मार्च १७९६ मध्ये स्वतःच परशुरामभाऊ पटवर्धनांकरवी बाजीरावांस शिवनेरीहून आणविले. तेव्हा बाळोबा उलटले. दौलतराव शिंद्यांची फौज पुण्यावर चालून येताच नाना शहर सोडून साताऱ्याकडे गेले. मागे बाळोबा व परशुरामभाऊंनी बाजीरावांचे धाकटे बंधू चिमाजीअप्पा यांस यशोदाबाईंच्या मांडीवर दत्तक देऊन मे महिन्यात पेशवा केले. नाना वाईहून पुढे कोकणात महाडास उतरले आणि तेथून त्यांनी सारा डाव पुन्हा फिरविला. अहमदनगरचा किल्ला व मुलूख यांचे आश्वासन देऊन खुद्द दौलतरावांस त्यांनी आपल्याकडे वळविले. आणि ओलीस असलेल्या मुशीरउल्मुल्काच्या मध्यस्थीने ऑक्टोबर १७९६ मध्ये निजामाशी महाडचा करार केला. त्यात खर्ड्यास मिळालेला मुलूख परत करण्याचे व राहिलेली रक्कम सोडून देण्याचे कबूल करावे लागले. डिसेंबरात बाजीराव पेशवे झाले आणि नाना पुन्हा कारभारी.

नाना जिंकले खरे; परंतु कोणत्या मोलाने? रणांगणावर साऱ्या दौलतीने मिळून जे मिळविले, ते दीड-दोन वर्षांत वारसाच्या तंट्यात वाटून टाकावे लागले. ज्या पुरुषाने १७७४ साली तत्त्वासाठी झगडा केला, त्यालाच १७९६ साली सौदा करणे भाग पडले. नानांच्या आयुष्यातील खरी शोकांतिका आम्हांस येथे दिसते.

पुढील घटना भराभर घडल्या. ३१ डिसेंबर १७९७ रोजी शिंद्यांच्या छावणीत नानांस दगा देऊन कैद करण्यात आले व अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. इकडे हैदराबादेत परतलेला मुशीरउल्मुल्क पुन्हा दिवाण झाला होता. पुण्याचे घर फुटलेले पाहून आणि पूर्वीचा अपमान स्मरून त्याने इंग्रजांचा आश्रय पत्करला. १ सप्टेंबर १७९८ रोजी निजामाने तैनाती फौजेचा तह केला आणि ऑक्टोबरात फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाताखालील त्याच्या पलटणी निःशस्त्र करण्यात आल्या. कैदेतून सुटून नाना त्याच वर्षी पुन्हा कारभारात आले, परंतु शरीर थकले होते आणि धनी मनाने आपला नव्हता. १३ मार्च १८०० रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर तीन वर्षेही पुरी होण्यापूर्वी, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, वसई येथे बाजीरावांनी इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. रघुनाथरावांच्या मुलाविषयी नानांस जी भीती वाटत होती, ती अक्षरशः खरी ठरली. १८०३ साली असईच्या मैदानावर मराठी फौज हरली, आणि त्याच सुमारास येथे मुसा नदीच्या तीरी कोठीचे खांब वर चढू लागले.

मग नाना यशस्वी की अयशस्वी? आमच्या मते त्यांची बुद्धी हरली नाही. एका माणसाच्या बुद्धीवर विसंबलेली व्यवस्था हरली. धनी गेल्यावर सत्ता कोणाकडे व कोणत्या रीतीने जावी, याचा सर्वमान्य नियम पेशवाईत नव्हता. त्याच काळात, ४ मार्च १७९७ रोजी, अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन यांच्यामागून जॉन ॲडम्स हे अध्यक्ष झाले, आणि एका सैनिकासही जागचे हलावे लागले नाही; कारण तेथे नियम आधी लिहिलेला होता. परंतु लिहिलेला नियमही पाळणाऱ्यांच्या मनावरच टिकतो. त्याच देशात ६ जानेवारी २०२१ रोजी निवडणुकीचा निकाल न मानणारा जमाव संसदेच्या इमारतीत घुसला, हे साऱ्या जगाने पाहिले.

आपल्या देशाचे एक उदाहरण येथे स्मरणीय आहे. याच हैदराबाद शहरी जन्मलेले राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन ३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच निवर्तले. उपराष्ट्रपती गिरी यांनी काम पाहिले. निवडणुकीस उभे राहण्यासाठी जुलैमध्ये त्यांनी पद सोडले, तेव्हा सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी ते सांभाळले. आणि ऑगस्टमध्ये निवडून आलेल्या राष्ट्रपतींनी सूत्रे हाती घेतली. निवडणूक चुरशीची झाली, वादही कडाक्याचे झाले. पण कोणी किल्ला लिहून दिला नाही की परकी फौज बोलाविली नाही.

विद्यार्थिमित्रांनो, वाद होणे हे काही राज्याचे दुर्दैव नव्हे. वाद मिटविण्याची रीत नसणे, अथवा असलेली रीत हरणाऱ्याने झुगारून देणे, हे दुर्दैव. वर्गप्रमुखाच्या निवडणुकीत आपला मित्र हरला, तर विजयी झालेल्या मुलास मनापासून साहाय्य करणे, हा त्याच रीतीचा पहिला पाठ आहे. नानांस आयुष्यभर झुंजूनही जे राज्यास देता आले नाही, ते आपणांस घटनेने आयते दिले आहे. ते जतन करणे मात्र आपल्याच हाती आहे.