दुष्काळानंतर उरते ते

1972 चा दुष्काळ मराठवाड्यातील जुन्या पिढीच्या स्मरणात खडी आणि सुकडी यांच्या रूपाने उरला आहे. परभणीसारख्या जिल्ह्यात दुष्काळाचा हिशेब मांडला जातो तो आणेवारी, धान्य व मजुरी यांच्या भाषेत. ज्यांची माणसे उपासमारीने गेली त्यांच्या मनाचे पुढे काय होते, याचा रकाना त्या हिशेबात नसतो. पंडिता रमाबाईंचे उत्तरायुष्य या रिकाम्या रकान्यासाठीच खर्ची पडले.

1858 साली जन्मलेल्या रमाबाई संस्कृत शिकल्या त्या आईकडून, आणि आई शिकली होती पती अनंतशास्त्री डोंगरे यांच्याकडून. मद्रास इलाख्यातील दुष्काळात थोड्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गेली. उरलेली दोन भावंडे पायी हिंडत 1878 साली कलकत्त्यास पोचली. तेथे विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' म्हणून गौरविले. पण 1880 मध्ये भाऊ गेला आणि 1882 मध्ये पती बिपिनबिहारी. पदरी वर्षाचीही न झालेली मनोरमा होती.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या व त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांच्यावर ठसा उमटला तो केवळ धर्मचर्चेचा नव्हे. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना लंडनमधील फुलम येथे भगिनीसंघ ज्या मायेने सांभाळीत होता, ते पाहून त्या हलल्या. जखमी मन उपदेशाने नव्हे, शुश्रूषेने सावरते, हा त्यांचा पहिला धडा.

1889 साली मुंबईत सुरू झालेले शारदासदन पुढे पुण्यास आले. 1893 मध्ये तेथील मुलींच्या धर्मांतराच्या भीतीने वादळ उठले. रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. टीकाकारांचा प्रश्न पोकळ नव्हता. आधारासाठी आसुसलेल्या मुलीची संमती कितपत मोकळी मानावी? मात्र त्या मुलींना दुसरे दारही नव्हते. शारदासदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनीशी विवाह केलेल्या धोंडो केशव कर्व्यांनी 1896 साली अनाथ बालिकाश्रमाचा पाया घातला, तेव्हा कोठे ते उघडले.

त्याच सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ पडला. तिकडे जाणे म्हणजे रमाबाईंच्या दृष्टीने स्वतःच्या आईवडिलांच्या मृत्यूकडे परत जाणे होते. तरी त्या गेल्या. मदतकेंद्रांत निराधार मुली कोणाच्या हाती सापडतात हे त्यांनी पाहिले आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. केडगावला 'मुक्ती' उभी राहिली. 1900 च्या सुमारास तेथे सुमारे दोन हजार जीव होते.

तेथील उपचार साधे होते. प्रार्थना होती, पण तिच्या जोडीला नियमित अन्न, शाळा, शेत, हातमाग, तेलघाणा, छापखाना. अंध मुलींना मनोरमा ब्रेल शिकवीत. दिवस कामाने भरलेला असला आणि हाती कसब आले की माणूस स्वतःला पुन्हा किंमत देऊ लागतो, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकांना जरा उशिरानेच उमगले.

1921 मध्ये मनोरमाही गेल्या. त्या आघातानंतरही मूळ हिब्रू व ग्रीकवरून चाललेले बायबलचे मराठी भाषांतर रमाबाईंनी सोडले नाही. साध्या बायकांना वाचता यावे अशी भाषा त्यांना हवी होती. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे निधन झाले. मुक्तीतील स्त्रियांनीच खिळे जुळविलेला तो ग्रंथ 1924 साली बाहेर पडला.