हृदयाची चाल दाखविणारे डॉप्लर

हृदयाची इको तपासणी आता पुष्कळ घरांतून कोणाची ना कोणाची झालेली असते. तिच्या कागदावर डॉप्लर असा शब्द असतो. ते यंत्राचे नाव नव्हे, एका माणसाचे आडनाव आहे.

ख्रिस्तियन डॉप्लर यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८०३ रोजी ऑस्ट्रियातील साल्झबर्ग येथे झाला. घरचा धंदा पाथरवटाचा. पण मुलाची प्रकृती नाजूक, म्हणून त्यांना शिक्षणाकडे वळविले. गणितात हुशार असूनही कायमची नोकरी मिळेना. काही काळ त्यांनी सूतगिरणीत हिशेब लिहिले. अखेर १८३५ साली सामानसुमान विकून ते अमेरिकेस निघाले, तोच प्राग शहरी शिक्षकाची जागा मिळाली. पुढल्या वर्षी माथिल्डे यांच्याशी विवाह झाला. त्यांना पाच मुले झाली.

२५ मे १८४२ रोजी प्राग येथे विद्वानांच्या सभेत त्यांनी आपला निबंध वाचला. आपल्या मोर्शीच्या स्टेशनावरही त्याचा अनुभव येतो. शिटी देत गाडी जवळ येते तेव्हा सूर चढा लागतो, पुढे निघून गेली की उतरतो. जवळ येताना आवाजाच्या लाटा दाटीने कानी पडतात, दूर जाताना विरळ. ताऱ्यांचे रंगही यामुळेच दिसतात, हा त्यांचा तर्क मात्र चुकला. लोकांना शंका होती. १८४५ साली हॉलंडमध्ये आगगाडीवर कर्णे वाजविणारे बसवून परीक्षा घेतली, तेव्हा आवाजाचा नियम खरा ठरला.

१८५० साली व्हिएन्ना येथे मोठे पद मिळाले, पण क्षयाने छाती पोखरली होती. हवापालटासाठी व्हेनिसला गेले असता १७ मार्च १८५३ रोजी, अवघ्या ४९ व्या वर्षी, ते वारले. माथिल्डेबाईंच्या पदरी पाच मुले राहिली.

बरोबर शंभर वर्षांनी, १९५३ साली, स्वीडनमध्ये एडलर व हर्ट्झ यांनी कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने हृदयाची हालचाल टिपली. त्याच दशकात जपानमध्ये सातोमुरा यांनी डॉप्लर यांचा नियम हृदयाला लावला. आज छातीवर टेकविलेल्या यंत्रातून आवाज आत जातो व वाहत्या रक्तावर आपटून परत येतो. रक्त यंत्राकडे येत असेल तर सूर चढतो, दूर जात असेल तर उतरतो. त्यावरून रक्ताचा वेग कळतो. झडप गळते की अरुंद झाली, हे हृदय चालू असतानाच पडद्यावर लाल-निळ्या रंगांत दिसते. सुई नाही, चिरफाड नाही.

आपण बायका जिना चढताना दम लागला तर वय झाले म्हणून अंगावर काढतो. तसे करू नये. छातीच्या दुखण्याने लवकर गेलेल्या या माणसाची विद्या आज आपल्या छातीच्या उपयोगी पडते आहे; तिचा लाभ वेळेवर घ्यावा.